तीन नंबरची पेटी गेली त्या रात्री



मंगळवारी रात्री आमच्या डाळिंबातली तीन नंबरची पेटी बंद पडली. किती वाजता, तर १ वाजून १० मिनिटांनी. मला कळलं सकाळी सहाला, चहा पिताना. तोपर्यंत बाकीच्या पेट्यांनी आपसात ठरवून रात्रीचं पाणी उरकलं होतं. एक, दोन आणि चार नंबरच्या तुकड्याला पूर्ण पाणी, तीनचं अर्ध्यावर थांबलेलं, मोटर वेळेत बंद. मी झोपलो होतो. माझा धाकटा भाऊही झोपला होता, आणि आमच्या घरात ही दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तुमचं ते ठिबकचं ऑटोमेशन नक्की चालतं कसं, मोठी पेटी दिसत नाही कुठे. आज निवांत सांगतो. थोडं लांबेल. पण ज्यांच्याकडे ऑटोमेशन आहे किंवा घ्यायचा विचार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आम्हाला हे शिकायला एक बहर मोजावा लागला.

आधी मागचं सांगतो.

आमचं सात एकर डाळिंब, सगळं भगवा. चार तुकडे, एक विहीर, एक शेततळं, पाच एचपीची मोटर. शेतीची लाइट आठवड्याआड रात्रीची, दहा ते सहा. सहा वर्षांपूर्वी अशाच एका रात्री व्हॉल्व्ह फिरवायला गेलेल्या धाकट्या भावाला दोन नंबरच्या कोपऱ्यावर घोणस चावली. वाचला. पण पाय आजही थंडीत सुजतो. त्यानंतर घरात ठरलं, रात्री कोणी रानात जायचं नाही. म्हणून ऑटोमेशन बसवलं, हौस म्हणून नव्हे.

पहिली सिस्टिम एका कंपनीची होती. नाव घेत नाही, कारण चूक एकट्या कंपनीची नव्हती. रचना अशी, की विहिरीवर एक मोठी पेटी, तिच्यात सिमकार्ड, आणि सगळी अक्कल तिच्यातच. शेतातले चार व्हॉल्व्ह तिचे हुकूम ऐकणार. ती म्हणाली उघड, उघडले. म्हणाली बंद, बंद. मोटरचं पण तसंच. दोन वर्षं छान चाललं.

मग चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मृग बहराचं फळ रंगावर आलेलं. त्या आठवड्यात तीन दिवस लाइट नव्हती, जमीन सुकलेली. चौथ्या रात्री लाइट आली. मोठ्या पेटीनं मोटर चालू केली, पहिले दोन तुकडे दिले, तीन नंबर उघडला, आणि साधारण अकराच्या सुमाराला डीपीवरचा न्यूट्रल निसटला.

न्यूट्रल निसटला की काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. घरातले बल्ब फुटतात, टीव्ही जळतो, पण तीन फेजची मोटर मजेत चालू राहते, कारण तिला न्यूट्रल लागतच नाही. इथेही तसंच झालं. सिंगल फेजवर चालणारी मोठी पेटी जळाली. मोटर चालू राहिली, कारण स्टार्टरचा कॉन्टॅक्टर एकदा ओढला की स्वतःला धरून ठेवतो, बंदचा इशारा येईपर्यंत सोडत नाही. आणि बंदचा इशारा देणारी तर जळालेली.

व्हॉल्व्हचं काय? आमचे व्हॉल्व्ह बॅटरीवरचे, लॅचिंगचे. उघडायला एक झटका, बंद करायला दुसरा झटका, मधल्या काळात वीज खात नाहीत. बॅटरी वाचते म्हणून असेच व्हॉल्व्ह वापरतात. पण त्याचा अर्थ असा की शेवटचा हुकूम ‘उघड’ असेल तर तो उघडाच राहतो, जगबुडी झाली तरी.

तीन नंबरला झाडाला १६ लिटर ताशी पडतं. द्यायचं होतं दीड तास, म्हणजे २४ लिटर. दिलं गेलं सात तास. हिशेब करा, ११२ लिटर. तीन दिवस सुकलेल्या जमिनीवर. चार नंबरला थेंब नाही.

आणि माझ्या मोबाइलवर रात्रभर हिरवा दिवा. शेवटची जी खबर आली होती तीच तो दाखवत होता. ती खबर किती वेळापूर्वीची, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

डाळिंबवाल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आठ दिवसांत तीन नंबरचं फळ तडकायला लागलं. सुकं आणि ओलं यातला झोक फळाची साल सोसत नाही. तिसरा हिस्सा माल ज्यूसच्या भावात गेला. व्यापाऱ्यानं सौदा केला होता तो पण हलला. बायको म्हणाली, ही खेळणी काढून टाका, आपण हातानं करू. हातानं म्हणजे कोणी? रात्री रानात कोण जाणार? त्यावर घरात कोणी बोललं नाही. भाऊ मात्र उठून बॅटरी शोधायला लागला. ते मला अजून दिसतं.

मला सगळ्यात जास्त सलत होतं ते हे, की त्या रात्री मोठी पेटी सोडली तर कोणी काही चुकलं नव्हतं. मोटरनं ऐकलं होतं. व्हॉल्व्हनं ऐकलं होतं. जो तो सांगितल्याप्रमाणेच वागला. सांगणारा गेल्यावर कसं वागायचं, एवढंच कोणाला सांगून ठेवलेलं नव्हतं.

याच ठिकाणी मला आमचे आबा आठवले.

आमच्या भागात, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर, फडपद्धतीचे जुने बंधारे आहेत. तीन-चारशे वर्षांपासूनचे म्हणतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालचं रान फडांत वाटलेलं. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कारभार गावच्या पंचांचा. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच कमी करायचं. माझे आजोबा पाटकरी होते.

आबांच्या तोंडून लहानपणी जे ऐकलं ते असं. शेताचा मालक कोणीही असो, दारं उघडणार पाटकरीच. रात्री पाळी बदलली की जाणारा येणाऱ्याला सांगून जाणार, पाणी अमक्याच्या तिसऱ्या वाफ्यापर्यंत आलंय. ते सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि वरून खबर आली नाही, जागल्या दिसला नाही, पाण्याला अचानक जोर आला, तर आपल्या अकलेनं नवीन दारं फोडायचं नाही. आहे ते बंद करायचं, पाणी पुन्हा नदीला सोडायचं आणि बांधावर बसून राहायचं. आबा म्हणायचे, उपाशी पीक दोन दिवस थांबतं, वाहून गेलेला बांध थांबत नाही.

म्हणजे बघा, फोन नाही, घड्याळ नाही, पण वरचा माणूस गप्प झाला तर खालच्यानं काय करायचं हे प्रत्येकाला तोंडपाठ. आमच्या महागड्या पेटीत नेमकं तेवढंच नव्हतं.

पुतण्या, म्हणजे धाकट्या भावाचाच मुलगा, पुण्याला कारखान्यांच्या मशिनरीची कंट्रोल सिस्टिम बसवायचं काम करतो. त्या दिवसांत गावी आला तेव्हा जळालेली पेटी उघडून बसला. मी त्याला आबांचं हे सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “नाना, आम्ही कारखान्यात हेच करतो, फक्त नावं इंग्रजी आहेत.” आणि मग म्हणाला, “मोठी पेटी परत घ्यायची नाही. पाच लहान बसवू, आणि पाचही पाटकरी करू.”

तर आता आमच्याकडे पाच पेट्या आहेत. चार तुकड्यांवर चार, विहिरीवर मोटरची पाचवी. मोठी कोणी नाही. आपसात रेडिओवर बोलतात, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ज्याला आपल्याकडे लायसन लागत नाही. दर मिनिटाला प्रत्येक पेटी बाकीच्यांना एक लहानसा निरोप पाठवते, मी आहे, माझा व्हॉल्व्ह असा आहे, इतकी मिनिटं पाणी झालं, बॅटरी इतकी. पुतण्या त्याला हार्टबीट म्हणतो. आम्ही घरात राम राम म्हणतो. “तीनचा राम राम येत नाही” असं बायको पण म्हणते आता.

पाचांतली एक त्या रात्रीपुरती कारभारी असते. पाळी लावणं तिचं काम. बाकीच्या ऐकतात. तिचा राम राम पाच मिनिटं आला नाही की दुसरी कोणीतरी उभी राहते, मी करू का विचारते, मतं मिळाली की कारभार घेते. सगळ्या एकदम उभ्या राहू नयेत म्हणून प्रत्येकीला थांबायची वेळ वेगवेगळी दिली आहे. कारभारी मेली तर दुसरी, एवढी गोष्ट सोपी आहे आणि दुकानदार पण हेच सांगतो. खरी मेख पुढे आहे. पहिल्या पावसाळ्यात कळली.

एक आणि दोन नंबरच्या तुकड्यांपासून तीन-चारकडे जाताना मधे शेजाऱ्याचं रान आहे. त्यात त्यानं मका लावला. श्रावणात मका डोक्याच्या वर गेला. भिजलेल्या पानांतून रेडिओ पार होईना. एका रात्री दोन्ही बाजूंच्या पेट्या एकमेकींना ऐकू येईनाशा झाल्या. विहीर मधोमध, ती दोघींचं ऐकत होती.

आता एकच्या बाजूला वाटलं तीन-चार मेल्या. तीनच्या बाजूला वाटलं एक-दोन मेल्या. दोन्हीकडे एकेक कारभारी उभी राहिली. एकीनं दोन नंबर उघडला, दुसरीनं चार. मोटरला दोघींचे हुकूम. एका व्हॉल्व्हचं प्रेशर दोघांत वाटलं गेलं आणि लॅटरलच्या शेवटच्या झाडांना थेंब पोचला नाही. नुकसान नाही झालं, पावसाचे दिवस होते. पण मला घाम फुटला. आधी एक कारभारी होती ती गेली आणि वाट लागली. आता दोन झाल्या आणि तरी वाट लागायची वेळ.

पुतण्या म्हणाला, नाना, यात एक कायमची अडचण आहे. जी ऐकू येत नाही ती मेली, की फक्त ऐकू येत नाही, हे लांबून कळायला मार्गच नाही. दोन्हीची शांतता सारखीच असते.

तेव्हापासून नियम झाला बहुमताचा. पाचात तीन मतं असल्याशिवाय कोणी कारभार घ्यायचा नाही. तीन मतं दोन जागी एकाच वेळी पडूच शकत नाहीत, कारण एका पाळीला एका पेटीचं एकच मत. ज्या बाजूला तीन नाहीत त्या बाजूनं आपले व्हॉल्व्ह बंद करायचे आणि गप्प बसायचं, आबांच्या पाटकऱ्यासारखं बांधावर. शिवाय कारभार बदलला की पाळीचा आकडा एकनं वाढतो. जुनी कारभारी मधेच जागी झाली आणि जुन्या आकड्यानं हुकूम द्यायला लागली तर बाकीच्या ऐकत नाहीत. तिला नवीन आकडा दिसतो आणि ती मुकाट्यानं खाली बसते.

ही काही आमची अक्कल नाही. संगणकवाल्यांनी यावर चाळीसेक वर्षं डोकं लावलंय. लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं १९९८ साली यावर जो लेख छापला तो चक्क पॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावरच्या एका काल्पनिक पंचायतीची गोष्ट म्हणून लिहिला. तिथले सभासद कधी येतात, कधी मधेच उठून जातात, तरी ठराव एकच राहिला पाहिजे. आमच्या पेट्या वापरतात ती रीत २०१४ ची, राफ्ट नावाची. राफ्ट म्हणजे तराफा, समजायला सोपी व्हावी म्हणूनच बनवलेली. पुतण्यानं ती मला एका दुपारी बांधावर पाच दगड मांडून समजावली.

पण हे झालं ठराव करण्याचं. संगणकाचा ठराव चुकला तर परत करता येतो. पाणी एकदा जमिनीत गेलं की परत येत नाही. म्हणून व्हॉल्व्ह आणि मोटर हलवणाऱ्या सिस्टिमला अजून काही लागतं, आणि माझ्या मते तेच खरं महत्त्वाचं.

पहिलं, अधिकार आपोआप संपला पाहिजे. मोटरला आता ‘चालू हो’ असा हुकूम नाहीच. हुकूम असा आहे की ‘पाच मिनिटं चाल’. कारभारी दर दोन मिनिटांनी तो वाढवत राहते. वाढवायला कोणी उरलं नाही तर मोटर स्वतःहून थांबते. कॉन्टॅक्टरची ती स्वतःला धरून ठेवायची तार पुतण्यानं काढूनच टाकली. विहिरीवरच्या पेटीनं हात काढला की मोटर बंद. न्यूट्रल निसटून ती पेटीच जळाली तरी मोटर बंदच होणार. व्हॉल्व्हचं पण तसंच. उघडतानाच तो स्वतःची जास्तीत जास्त वेळ लावून घेतो. आणि बंद करायच्या एका झटक्यापुरती वीज प्रत्येक पेटीत वेगळी राखून ठेवलेली असते, बॅटरी उतरली तरी ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही. बियाण्याच्या पोत्यासारखी.

दुसरं, क्रम. पुढचा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय आधीचा बंद करायचा नाही. मोटर थांबल्याशिवाय शेवटचा बंद करायचा नाही. नाहीतर चालू मोटरवर सगळी तोंडं बंद आणि पाइप फुटतो. गडबडीत कारभार बदलताना हाच क्रम चुकतो. म्हणून नवीन कारभारी आल्या आल्या काही हलवत नाही. आधी सगळ्यांना विचारते, कोणाचं काय उघडं आहे, किती मिनिटं झाली. ज्याचं पाणी झालंय त्याला परत देत नाही. पाणी तिसऱ्या वाफ्यापर्यंत आलंय, तेच हे.

तिसरं, जो पडला त्याचं ओझं दुसऱ्यावर टाकायचं नाही. हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा मला आधी पटलं नाही. तीनचं पाणी वाचलं तर चारला जास्त द्या की, बिघडलं कुठे? त्यानं २०१२ ची आठवण दिली. ३० आणि ३१ जुलै, लागोपाठ दोन दिवस उत्तरेतली लाइट गेली होती, आठवतं? दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग अंधारात, साठ कोटींच्या आसपास लोक. सुरुवात बिना-ग्वाल्हेर ही एक ४०० केव्हीची लाइन सुटल्यानं झाली. तिची वीज आपोआप बाकीच्या लाइनींवर वळली, त्या आधीच भरलेल्या, त्यांना सोसलं नाही, त्याही एकामागून एक सुटल्या. प्रत्येक रिलेनं आपली आपली लाइन बरोबर वाचवली आणि सगळं मिळून बुडालं. आपला पश्चिम विभाग वेगळा होऊन वाचला. त्यानंतर मी वाद घातला नाही. आमच्याकडे पडलेल्या तुकड्याचा वाटा तसाच राहतो. उद्या बघू. ज्याचं त्याला.

चौथं, दिसेनासं झालं की चाल कमी करायची. प्रत्येक तुकड्यात ओलाव्याचा सेन्सर आहे. तो बिघडला तर पेटी काय करते, याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. वरची पायरी, स्वतःचा सेन्सर बघून पाणी. तो गेला तर त्याच जमिनीच्या शेजारच्या तुकड्याचा आकडा. आमचा एक आणि दोन काळ्या रानात, तीन-चार मुरमाड, म्हणून एकचा आकडा चारला चालत नाही. तोही नाही तर महिन्याप्रमाणे लिहून दिलेली मिनिटं, आणि ती मुद्दाम थोडी कमी. त्याच्या खालची पायरी म्हणजे बंद. मी धुक्यात ट्रॅक्टर चालवतो तसं. रस्ता दिसत नाही म्हणून कोणी जास्त जोरात जात नाही.

सेन्सर बिघडला हे ओळखायचं कसं? तो मेला तर सोपं. खोटं बोलायला लागला तर अवघड. आमचा चारचा सेन्सर एकदा आठ दिवस कोरडं कोरडं ओरडत होता, उंदरानं वायर कुरतडली होती. आता पेटी एक गोष्ट बघते. तासभर पाणी देऊन आकडा जागचा हलत नसेल तर जमीन नाही, सेन्सर खोटा. एक पायरी खाली. नवीन ट्रॅक्टरांत जी कॅन नावाची वायरिंग असते, बॉशनं १९८६ साली आणलेली, तिच्यात तर ही शिस्त आधीपासून आहे. प्रत्येक भाग निरोप पाठवताना आपल्याच चुका मोजतो, आणि मोजणी २५५ च्या वर गेली की स्वतःहून वायरीवरून बाजूला होतो, दुसऱ्यांच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून. आपल्या ग्रामसभेत हा नियम आला तर किती बरं होईल, असं भाऊ म्हणतो.

पाचवं, खाली पटकन उतरा, वर सावकाश चढा. मक्याच्या त्या दिवसांत रेडिओ दहा मिनिटं यायचा, दहा मिनिटं जायचा. एका रात्री कारभार चौदा वेळा बदलला. व्हॉल्व्ह टकटक करत राहिले, दोन बॅटऱ्या उतरल्या, पाणी कोणालाच धड नाही. सगळ्या पेट्या चांगल्या होत्या, दोन्ही कारभारी शहाण्या होत्या. पुतण्या म्हणतो, हे गणितानं पण सिद्ध केलेलं आहे. दोन कंट्रोलर वेगवेगळे अगदी स्थिर असले, तरी त्यांच्यात फार भराभर अदलाबदल केली तर सिस्टिम हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून आता एकदा कारभार बदलला की मोडलेली पेटी परत आली तरी तासभर नुसती बसून राहते. ऐकते, राम राम करते, पण हात लावत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आपण लगेच नांगराला जुंपत नाही, तसं.

आणि सहावं, जे मीच हट्टानं बसवून घेतलं. विहिरीच्या पाइपवर एक प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. स्प्रिंगचा, लोखंडी. त्याला रेडिओ नाही, बॅटरी नाही, मत नाही. प्रेशर वाढलं की उघडतो आणि पाणी विहिरीत परत सोडतो. पुतण्याला आधी ते मागासलेलं वाटलं. मग म्हणाला, बरोबर आहे नाना, शेवटचा राखणदार जाळ्याच्या बाहेरचाच पाहिजे. पाणी पुन्हा नदीला सोडणं म्हणजे हेच की.

आता मंगळवारची रात्र परत बघा, म्हणजे सगळं जुळेल.

त्या रात्री कारभारी तीनच होती आणि पाणीही तिच्याच तुकड्यात चालू होतं. म्हणजे सगळ्यात वाईट जागी घाव. १ वाजून १० मिनिटांनी तिला बॅटरी खाली जाताना दिसली. तिनं आधी मोटर थांबवायला सांगितलं. मग राखून ठेवलेल्या झटक्यानं आपला व्हॉल्व्ह बंद केला. मग गप्प. तिला सांगता आलं नसतं तरी पाच मिनिटांत मोटर थांबलीच असती. सहा मिनिटं शिवारात काहीच हललं नाही. १ वाजून १६ मिनिटांनी दोन नंबर उभी राहिली, तिला चार मतं मिळाली, स्वतःचं धरून. तिनं सगळ्यांना विचारलं. एक झालं, दोन झालं, तीनचं चाळीस मिनिटांवर थांबलंय हे तिला तीनच्या शेवटच्या राम रामवरून माहीत होतं. तीनला सोडून तिनं चारचा व्हॉल्व्ह उघडला, मग मोटर चालू. चारला त्याचीच सव्वा तासाची मिनिटं दिली, तीनची उरलेली त्यात मिसळली नाहीत. अडीचच्या थोडं नंतर सगळं बंद. आणि मला निरोप, तीनचा राम राम नाही, शेवटचा १:१० ला. आता प्रत्येक खबरीपुढे वेळ असते. वेळ नसलेला हिरवा दिवा आमच्या घरात परत येणार नाही.

सकाळी उजाडल्यावर मी आणि भाऊ दोघंही गेलो. पेटी उघडली. बॅटरीच्या टोकावर हिरवा गंज चढला होता, आत मुंग्यांनी माती आणली होती. टोक घासलं, ग्रीस लावलं, झाकणाचं रबर बदललं. वीस मिनिटांचं काम. पेटी तासभर गप्प बसून राहिली आणि मग रांगेत आली. उरलेलं पाणी दुसऱ्या रात्री तीनच्या नेहमीच्या वाट्यात थोडं थोडं करून दिलं. फळ आत्ता रंगावर आहे, अगदी त्या डिसेंबरसारखंच. अजून तडक दिसली नाही. दहा दिवस गेल्याशिवाय मी खात्रीनं बोलणार नाही, पण जमीन हाताला बरोबर लागतेय.

आता हे वाचून कोणी असं समजू नका की पेट्या बसवल्या की झालं. फिल्टर धुवायला माणूसच लागतो. खारीनं कुरतडलेली लॅटरल पेटीला दिसत नाही. ते शोधायला सकाळची चक्कर चुकवायची नाही. आणि वर्षातून दोनदा, बहर धरायच्या आधी, आम्ही दिवसाढवळ्या मुद्दाम एकेक पेटी बंद करून बघतो. कारभारीची बॅटरी काढतो. अँटेना काढतो. ओलाव्याचा सेन्सर पाण्याच्या बादलीत टाकतो. बाकीच्या काय करतात ते सावलीला बसून बघतो. जे दिवसा बघितलं नाही ते रात्री बरोबर होईल असं धरून चालायचं नाही.

तुमच्याकडे कोणी ऑटोमेशन विकायला आला तर किती एकर, किती व्हॉल्व्ह, मोबाइलवर दिसतं का, हे सगळे विचारतात. तुम्ही एवढंच विचारा. मुख्य पेटी चालू मोटरवर जळाली तर मोटर कोण थांबवणार? उघडा व्हॉल्व्ह कोण बंद करणार? मोबाइलवरची खबर किती मिनिटांपूर्वीची आहे ते दिसतं का? याची उत्तरं त्यानं तोंडी न देता तुमच्यासमोर वायर काढून दाखवली तर पुढचं बोला.

भावाला मी परवा विचारलं, आता रात्री झोप लागते का? म्हणाला, मोटरचा आवाज थांबला की जाग येते, मग वाटतं जाऊन बघावं. मग आठवतं, थांबली म्हणजे कोणीतरी थांबवली. परत झोपतो.

तुमच्याकडे रात्रीच्या पाण्याची काय सोय आहे, जरूर लिहा. आणि बांधावर जाताना बूट आणि काठी विसरू नका.

राम राम.